इंजिन फिरते, पण सुरू होत नाही

किल्ली फिरवली की घर्र-घर्र आवाज येतो. पण इंजिन काही चालू होत नाही. गॅरेजच्या भाषेत सांगायचे, तर 'गाडी सेल्फ घेते, पण स्टार्ट होत नाही'. अशा वेळी भोवती जमलेली मंडळी भराभर सल्ले देतात : प्लग बदला, बॅटरी बदला, फिल्टर बदला. एकेक भाग बदलत गेले तर केव्हातरी गाडी सुरू होईलही. पण तोवर बरेच चांगले भाग टाकून दिले जातात, खिसा रिकामा होतो आणि नेमके काय बिघडले होते ते शेवटपर्यंत कळत नाही. निरीक्षण, तर्क आणि पडताळा या ज्या पायऱ्या आपण वर्गात शिकवतो, त्या इथे फार उपयोगी पडतात. उदाहरण म्हणून चार सिलिंडरचे पेट्रोल इंजिन घेऊ.

मुळात 'सेल्फ' हा इंजिनाचा भाग नव्हे. ती बॅटरीवर चालणारी एक वेगळी विद्युत मोटर आहे. १९१२ साली कॅडिलॅक गाडीत ती प्रथम बसवली गेली. तोपर्यंत लोखंडी दांडा घालून इंजिन हाताने फिरवावे लागे. म्हणजे घर्र-घर्र आवाज हे इंजिन चालण्याचे लक्षण नाही. बाहेरून कोणीतरी ते फिरवत आहे, एवढाच त्याचा अर्थ. पण ही माहितीही मोलाची आहे. सेल्फची मोटर शंभराहून अधिक अँपिअर प्रवाह घेऊ शकते. ती जोमाने फिरत असेल तर बॅटरी, तिच्या जाड तारा आणि सेल्फ हे तिघेही संशयितांच्या यादीतून बहुतेक सुटले. आवाज रखडत, थकल्यासारखा येत असेल तर मात्र आधी बॅटरी तपासावी.

स्वतःच्या बळावर चालायला इंजिनाला चार गोष्टी लागतात. पहिली, हवा आणि पेट्रोलची वाफ यांचे योग्य मिश्रण. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ १२ लिटर हवा लागते. मिश्रणात पेट्रोल फार कमी असेल तर ते पेटत नाही. फार जास्त असेल तरीही पेटत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे दाब. दट्ट्या वर येताना हे मिश्रण सुमारे एक दशांश आकारमानात कोंबले गेले पाहिजे. तिसरी गोष्ट, सशक्त ठिणगी. बॅटरीचे १२ व्होल्ट इग्निशन कॉइलमध्ये वाढून हजारो व्होल्ट होतात, तेव्हा प्लगच्या फटीत ठिणगी उडते. चौथी गोष्ट म्हणजे वेळ. झडपांची उघडझाप आणि ठिणगी ही दोन्ही दट्ट्याच्या हालचालीशी जुळलेली असली पाहिजेत.

आता एक छोटे गणित करू. सेल्फ इंजिनाला मिनिटाला सुमारे २०० फेरे देतो असे धरा. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन फेऱ्यांत एकदा पेटण्याची संधी मिळते. चार सिलिंडर मिळून फेऱ्याला दोन, म्हणजे मिनिटाला ४०० संधी. पाच सेकंद सेल्फ मारला तर तेहतीस संधी मिळाल्या आणि त्या सगळ्या वाया गेल्या!

याचा अर्थ काय? एकच प्लग खराब असता तर उरलेल्या तीन सिलिंडरांवर इंजिन गचके खात का होईना, बहुधा सुरू झाले असते. मेकॅनिक त्याला 'मिसिंग' म्हणतात. चारही प्लग एकाच वेळी, एकमेकांशी संबंध नसताना, बिघडतील का? प्रत्येक प्लग आज बिघडण्याची शक्यता शंभरात एक धरली, तरी चारही एकदम बिघडण्याची शक्यता दहा कोटींत एक येते. म्हणून कारण बहुधा चौघांना समाईक असलेल्या ठिकाणी शोधले पाहिजे. एका खोलीतला दिवा गेला तर आपण बल्ब पाहतो. साऱ्या घरातले दिवे गेले तर कोणी एकेक बल्ब काढून पाहत नाही, सरळ फ्यूज पाहतो. इथेही तोच न्याय.

समाईक ठिकाणे कोणती? पेट्रोलचा पंप आणि त्याचा फ्यूज. चोरी रोखणारी इमोबिलायझर यंत्रणा. क्रँकशाफ्टची स्थिती संगणकाला कळवणारा सेन्सर. आणि झडपांची हालचाल क्रँकशाफ्टशी जुळवून ठेवणारा टायमिंग बेल्ट किंवा साखळी. यांपैकी सेन्सरचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. दट्ट्या कुठे आहे हेच कळले नाही तर अनेक गाड्यांचा संगणक ठिणगीही देत नाही आणि पेट्रोलही सोडत नाही. दोन वेगवेगळ्या गोष्टी एकदम बंद दिसल्या की त्या दोहोंच्या वर कोण आहे, ते पाहावे.

पुढची पायरी म्हणजे स्वस्त आणि निर्धोक निरीक्षणे आधी करणे. सेल्फच्या आवाजाची लय ऐका. निरोगी इंजिनात आवाज एका लयीत कमीजास्त होतो, कारण प्रत्येक दट्ट्या हवा दाबताना विरोध करतो. हा चढउतार नाहीसा होऊन आवाज नेहमीपेक्षा वेगवान आणि एकसारखा झाला असेल, तर दाबच तयार होत नाही. टायमिंग बेल्ट तुटल्याचा संशय घ्यावा आणि पुन्हा सेल्फ मारू नये. मग किल्ली नुसती 'ऑन' करून कान द्या. इंजेक्शन पद्धतीच्या बऱ्याच गाड्यांत मागच्या बाजूने दोनेक सेकंद पंपाची गुणगुण ऐकू येते. ती आली तर पंप फिरतो एवढे कळते. दाब पुरेसा आहे की नाही, हे कळत नाही. नेहमी येणारी गुणगुण आज आली नाही, तर आधी फ्यूज पाहा, मग पंप. इमोबिलायझरचा दिवा लुकलुकतो का, तेही पाहा. आणि थोडा वेळ सेल्फ मारल्यावर धुराड्याशी पेट्रोलचा वास येत असेल तर पेट्रोल येते आहे पण जळत नाही. संशयाचा काटा ठिणगीकडे किंवा अति पेट्रोलाकडे वळतो.

जुन्या कार्बुरेटरच्या गाड्या उन्हाळ्यात घाट चढताना बंद पडत. नळीतल्या पेट्रोलची वाफ होई आणि पंपाला ती ओढता येत नसे. ड्रायव्हर पंपावर ओले फडके ठेवीत. हा उपाय होताच, पण प्रयोगही होता. बाकी सारे तसेच ठेवून फक्त पंप थंड केला आणि गाडी सुरू झाली, तर दोष कुठे होता ते बऱ्याच अंशी ठरले. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम इथे पाळला गेला. प्लग, फिल्टर आणि कॉइल एकदम बदलणाऱ्याला गाडी सुरू झाली तरी काहीच कळत नाही.

संगणकाला यंत्र जोडून मिळणारा दोषाचा संकेतही याच शिस्तीने वाचावा. संकेत हा साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. 'सेन्सरकडून संदेश नाही' असा संकेत आला तर सेन्सर बिघडला असेल, पण त्याची तार उंदराने कुरतडलेली असण्याचीही शक्यता आहे.

काही ठिकाणी मात्र प्रयोग करूच नये. पेट्रोलचा वास येत असताना ठिणगी तपासणे किंवा इंजिनात हाताने पेट्रोल ओतणे म्हणजे आगीला आमंत्रण. सलग दहा सेकंदांहून जास्त सेल्फ मारू नये. मोटर तापते, आणि न जळलेले पेट्रोल धुराड्यातल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरपर्यंत जाऊन त्याचे नुकसान करू शकते. पाण्यात बुडालेली गाडी तर मुळीच सुरू करू नये. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मुंबईत असंख्य गाड्या पाण्यात गेल्या. सिलिंडरमध्ये पाणी असताना सेल्फ मारला, तर हवेसारखे ते दबत नाही. दट्ट्याचा दांडा वाकू शकतो. निव्वळ साफसफाईने वाचले असते ते इंजिन कायमचे निकामी होते.

वर्गात हा विषय गाडीशिवायही घेता येईल. फळ्यावर तीन प्रसंग लिहा. पहिला : आवाजाची लय नेहमीची, पंपाची गुणगुण नाही, पेट्रोलचा वास नाही. दुसरा : लय नेहमीची, गुणगुण आहे, वासही आहे. तिसरा : आवाज वेगवान आणि एकसारखा. प्रत्येक प्रसंगात कोण सुटले, कोण उरले आणि पुढची सर्वांत स्वस्त तपासणी कोणती, हे मुलांना गटागटाने ठरवू द्या. उत्तर आल्यावर आणखी एक प्रश्न जरूर विचारा : या तपासणीने काय सिद्ध होत नाही? पंपाची गुणगुण ऐकून 'पेट्रोल ठीक आहे' असे म्हणणारा गट आणि 'पंप फिरतो आहे' एवढेच म्हणणारा गट, यांच्यातला फरक मुलांना आपोआप दिसेल.