बदलीचे बिऱ्हाड आणि भाड्याचा हिशोब

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते; बदलीच्या नोकरीतल्या माणसाचे मात्र ट्रकवर चढवावे लागते. पालघर-बोईसर-तारापूर पट्ट्यात अशी बिऱ्हाडे पुष्कळ आहेत. १९६९ साली तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू झाले आणि त्याच्या वसाहतीत देशाच्या कानाकोपऱ्यांतून कुटुंबे आली. त्यांच्या पुढच्या बदलीची गावेही बहुधा ठरलेली : रावतभाटा, नरोरा, काकरापार, कैगा, कल्पाक्कम, कुडनकुळम. शेजारच्या औद्योगिक वसाहतीने उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाचा कामगार आणला. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा अस्तित्वात आला आणि कचेऱ्यांबरोबर कारकूनवर्गही येथे आला. जव्हार-मोखाड्याच्या शाळांत तर स्वजिल्ह्यात बदलीची वाट पाहणारे परजिल्ह्यांतील शिक्षक आहेतच.

या सर्वांपुढे कधी ना कधी एकच प्रश्न उभा राहतो : घरसामान न्यायचे कसे? प्रश्नाची मांडणी बहुधा ‘स्वस्त कोण?’ अशी होते, आणि तिथेच हिशोब चुकतो. खरे प्रश्न तीन आहेत. काय न्यायचे, कशाने न्यायचे आणि वाटेतली जोखीम कोणाच्या माथी?

काय न्यावे?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर खरेदीच्या किमतीत शोधण्यात अर्थ नाही. दहा वर्षांपूर्वी कपाटाला किती पैसे मोजले हे आज गैरलागू आहे. ते पैसे खर्च होऊन गेले. आज ते येथे किती रुपयांना विकले जाईल, तसेच कपाट नव्या गावी कितीला मिळेल आणि या दोहोंतील फरक वाहतूक खर्चाहून जास्त आहे की कमी, एवढेच पाहावयाचे. या कसोटीवर जुना पलंग व लोखंडी मांडणी येथेच राहतात. पुस्तके, भांडी, शिवणयंत्र ही बरोबर जातात. आजीच्या पितळी पिंपाला बाजारातील हिशोब लागू पडत नाही, हे खरे. परंतु अशा वस्तू प्रत्येक घरात मोजक्याच असतात.

कशाने न्यावे?

थोड्या सामानासाठी रेल्वेचे पार्सल किफायतशीर ठरते. परंतु बोईसर किंवा पालघर येथे लांब पल्ल्याची गाडी थांबलीच, तर मिनिटा-दोन मिनिटांसाठी. तेवढ्या अवधीत कपाट चढणार कसे? साहजिकच सामान आधी टेम्पोने मुंबईच्या टर्मिनसवर न्यावे लागते. पुढच्या टोकालाही तीच कथा. रावतभाट्याला रेल्वे नाही. कोट्याला उतरवून पुन्हा रस्त्यानेच जावे लागते. दोन्ही टोकांचा टेम्पो आणि हमाली धरली की रेल्वेची स्वस्ताई पुष्कळ अंशी विरते. शिवाय काच आणि लाकूड प्रवासात जेवढे फुटत नाही, तेवढे चढउतारीत फुटते.

पूर्ण ट्रक घेतला तर सामान दारात चढते आणि दारातच उतरते. भाडे मात्र रिकाम्या जागेचेही पडते. दुसऱ्याच्या मालाबरोबर वाटणीने पाठविल्यास भाडे उतरते, पण वाटेत गोदाम येते, सामान आणखी एक-दोनदा हाताळले जाते आणि पोचण्याची तारीख अनिश्चित होते. तेव्हा वाटणीचा दर आणि पूर्ण ट्रकचा दर या दोन वेगळ्या मालांच्या किमती आहेत. त्यांची सरळ तुलना करणे फसवे होय.

जोखीम कोणाची?

सर्वांत कमी विचार होतो तो या तिसऱ्या प्रश्नाचा. १८६५ चा वाहकांचा कायदा जाऊन २००७ चा रस्ते वाहतूक कायदा आला. त्यानुसार वाहकाची नोंदणी बंधनकारक आहे. मात्र अधिक जोखमीचा दर भरला नसेल, तर त्याची जबाबदारी नियमाने सामान्यतः भाड्याच्या दहापटीपुरतीच सीमित होते. पाच हजार भाड्यात दोन लाखांचे सामान गेले व नष्ट झाले, तर हक्क पन्नास हजारांपर्यंतच. शिवाय नुकसानीची लेखी नोटीस सामान सोपविल्यापासून १८० दिवसांत द्यावी लागते. रेल्वेतही किंमत जाहीर करून जादा आकार भरला नसेल, तर पार्सलची भरपाई किलोमागे पन्नास रुपयांवर थांबते; साठ किलोच्या फ्रिजला तीन हजार!

अनेक जण ‘विम्याचे’ म्हणून दोन-तीन टक्के वाहतूकदाराच्या हाती देतात. वाहतूकदार म्हणजे विमा कंपनी नव्हे. कंपनीची पॉलिसी हाती पडली नाही, तर तो विमा नव्हे, नुसती वर्गणी. त्याचप्रमाणे, वाटेत ‘जीएसटी भरायचा आहे’ असे सांगून सामान अडवून धरण्याचे प्रकार होतात. वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल लागत नाही, एवढे ठाऊक असले तरी या अडवणुकीतील अर्धे बळ निघून जाते. दूरध्वनीवरील दरापेक्षा सामानाची सही केलेली यादी, त्यावर लिहिलेली किंमत आणि बिल्टी यांचे मोल अधिक आहे.

भत्ता आणि त्यापलीकडे

केंद्र सरकारच्या २०१७ च्या आदेशाने सहाव्या वेतनस्तरापासून वरच्या कर्मचाऱ्याला ६००० किलोपर्यंत व किलोमीटरला ५० रुपये, तर चौथ्या व त्याखालच्या स्तराला १५०० किलो व १५ रुपये असे दर ठरविले; महागाई भत्त्याबरोबर ते वाढण्याची तरतूदही केली. परंतु बांधणी व चढउतार यांचा खर्च अंतरावर अवलंबून नसतो. दोनशे किलोमीटरला दहा हजार आणि हजार किलोमीटरला पन्नास हजार मिळाले, तरी खोकी व हमाल दोन्हीकडे तेवढेच. कंत्राटी कामगाराला तर हाही आधार नाही. ठेकेदार बदलला की तो ट्रंक आणि वळकटी घेऊन सर्वसाधारण डब्यात चढतो. उरलेला संसार भंगारवाल्याच्या वजनकाट्यावर जातो.

यावर उपाय अगदीच नाही असे नाही. शाळांच्या परीक्षा संपल्या की सारे एकाच महिन्यात हलतात, म्हणून भाडे चढते. पण त्याच वेळी एकाच वसाहतीतून एकाच गावी दोन-तीन कुटुंबे निघालेली असतात आणि प्रत्येक जण स्वतंत्रपणे सौदा करतो. कर्मचाऱ्यांच्या पतसंस्थांनी व शिक्षक संघटनांनी बदल्यांच्या हंगामात अशी नोंद ठेवली, नोंदणीकृत वाहतूकदाराशी एकत्र करार केला आणि विमा सामुदायिकपणे उतरविला, तर पूर्ण ट्रकची सुरक्षितता वाटणीच्या भाड्याच्या जवळपास मिळू शकेल. परतीचा रिकामा ट्रक मिळाल्यास दर आणखी उतरेल. तारापूरच्या कारखान्यांकडे देशभरचे ट्रक येतातच. रसायने वाहिलेल्या गाडीत संसार भरू नये, एवढे पथ्य पाळले पाहिजे. आणि अशा व्यवस्थेत कंत्राटी कामगारालाही जागा ठेवावी. ज्याच्याजवळ सामान थोडे, त्याला ते पुन्हा विकत घेणे सर्वांत जड जाते.