मला आपली सपाट मारामारीच बरी!

मला व्हिडिओ गेम आवडतात. त्यातही मारामारीचे, आणि त्यातही जुने, सपाट, ‘टू-डी’ म्हणतात ते. कळमनुरीत कुठल्याही हळदी-कुंकवाला मी हे बोलले की समोरची आधी हसते आणि मग हळूच विचारते, ‘खरंच का हो?’ खरंच! बावन्न वर्षांची आहे, गुडघे कुरकुरतात, पण अंगठे अजून चांगले चालतात.

१९९९ साली, म्हणजे परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला त्याच वर्षी, आमच्या ह्यांनी घराच्या पुढच्या खोलीत गेमचं दुकान टाकलं. ह्यांचं मूळ काम टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं. नांदेडहून दोन जुनी मशीन आणली. मशीन म्हणजे काय, तर प्लायवूडचं उभं खोकं, आत टीव्हीची पिक्चर ट्यूब, बाहेर एक दांडी आणि बटनं. एक रुपया टाका आणि खेळा. हे दुरुस्तीच्या कामात, त्यामुळे गल्ल्यावर मी. बचत गटाचं कर्ज डोक्यावर होतं, तेव्हा कोणतं मशीन किती कमावतं याचा हिशेब मला तोंडपाठ असायचा.

पोरांचा जीव की प्राण म्हणजे ‘मुस्तफा’. त्याचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’, कॅपकॉम या जपानी कंपनीचा १९९३ सालचा गेम. पण त्यातल्या एका खेळाडूचं नाव मुस्तफा, म्हणून भारतभर त्याला मुस्तफाच म्हणत. त्यात सगळे मिळून गुंडांना मारत पुढे जायचं. दुसऱ्या मशीनवर होता ‘स्ट्रीट फायटर २’, तोही कॅपकॉमचाच, १९९१चा. हा मात्र समोरासमोरचा. डावीकडे एक, उजवीकडे एक, बस्स. आणि धंद्याच्या दृष्टीनं हा सोन्याची कोंबडी! कारण जिंकणारा जागेवर, हरणाऱ्यानं खिशात हात घालायचा. मुस्तफावर एखादं तरबेज पोरगं एका रुपयात तासभर चिकटून बसायचं. इथं दोन-तीन मिनिटांत रुपया पडायचा.

दुपारी पोरं शाळेत. दुकान रिकामं. शटर अर्धं ओढून मी एकटीच खेळायला लागले. आधी नुसती बटनं बडवली. मग एका पोरानं शिकवलं, ‘काकू, दांडी खाली, मग तिरकी, मग पुढं, अन् लगेच बुक्कीचं बटन.’ हातातून निळा आगीचा गोळा सुटला! त्या दिवशी भाजी करपली, त्याचं मला काहीच वाटलं नाही.

आता या ‘सपाट’ गेमची गंमत नीट सांगते. दोघंही एकाच रेषेवर उभे असतात. पुढे, मागे, वर उडी, खाली बसणं, एवढंच. बाजूला सरकायची सोयच नाही. मग समोरून गोळा आला की करायचं काय? थोपवा, नाहीतर उडी मारा. थोपवला तरी थोडं लागतंच. उडी मारली तर एकदा हवेत गेलेल्या माणसाला बेत बदलता येत नाही. समोरचा खाली वाट बघत असतो, वरच्या दिशेनं बुक्की घेऊन. म्हणजे गोळा मारणारा खरं तर गोळ्यानं मारतच नाही, तो तुम्हाला उडी मारायला लावतो. आणि हे ओळखून तुम्ही त्याचा गोळा सुटायच्या क्षणभर आधीच उडालात, तर त्याचा हात अडकलेला आणि तुम्ही त्याच्या डोक्यावर! सगळा खेळ अंतराचा आणि समोरच्याच्या मनातलं ओळखण्याचा. दोघांना सगळं सारखंच दिसतं, लपवायला काही नाही. हरलात तर का हरलात तेही दिसतं.

आमच्या दुकानात २००३ साली प्लेस्टेशन आलं. सोबत ‘टेकन ३’. हा ‘थ्री-डी’, म्हणजे खोली असलेला. नाम्को कंपनीचा, १९९७ साली मशीनवर आणि पुढच्या वर्षी प्लेस्टेशनवर आलेला. खरं तर थ्री-डी मारामारीची सुरुवात त्याआधीच, १९९३ साली सेगा कंपनीच्या ‘व्हर्च्युआ फायटर’नं झाली होती. कळमनुरीत दहा वर्षांनी पोचली एवढंच. काय ती गर्दी बघ्यांची! माणसं खरी वाटत, गोल फिरत, पाय लचकत.

टेकनला नावं ठेवणार नाही. त्याची बटनांची कल्पना तर फार छान आहे: चार बटनं, डावा हात, उजवा हात, डावा पाय, उजवा पाय. नवख्या पोरानं कशीही बडवली तरी पडद्यावर काहीतरी भारी घडतं आणि ते खुश होतं. पण माझं तिथं जुळलं नाही. एकतर त्यात बाजूला सरकता येतं. समोरून आलेली लाथ, जरा सरका, गेली! म्हणजे समोरासमोर उभं राहून जे गणित मी चार वर्षं शिकले, त्याचा पायाच सुटला. शिवाय बघण्याची जागा फिरत राहते. आता डावीकडे होते ती मी, मग मागून दिसते ती कोण? माझं डोकं गरगरायचं. आणि प्रत्येकाचे शंभराच्या आसपास डाव, ते पाठ असल्याशिवाय समोरचा काय करणार ते कळतच नाही. पोरं म्हणत, ‘काकू, हे खऱ्यासारखं आहे ना!’ मी म्हणायची, ‘खरी भांडणं काय कमी आहेत का रे आपल्या गल्लीत?’

मला वाटतं, सपाट चित्राची भाषा आपल्याकडे जुनीच आहे. सिंधुदुर्गात कुडाळजवळ पिंगुळी नावाचं गाव आहे. तिथले ठाकर लोक चित्रकथी दाखवतात. कागदावर रंगवलेली रामायण-महाभारताची चित्रं एकेक पुढे करत गोष्ट सांगायची. शिवाय चामड्याच्या बाहुल्यांचा, पडद्यावर सावल्यांचा खेळ. ही कला जपल्याबद्दल तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. त्या चित्रांतले योद्धे बघा. एक इकडून, एक तिकडून, दोघंही बाजूनं रंगवलेले, मोठाले डोळे, मधे मोकळी जागा. कोण कुणावर धावून जातंय ते अडाण्यालाही कळतं. कुस्तीचा आखाडा गोल असतो, तिथं चारी बाजूंनी माणसं बसतात, तिथं खोली लागतेच. (आमच्या तालुक्यात तर आख्खं गावच आखाडा बाळापूर आहे!) पण चित्रातली लढाई बाजूनंच बघावी.

आणि ही चित्रं ठिपक्या-ठिपक्यांची! स्ट्रीट फायटरमधला प्रत्येक माणूस चौकोनी ठिपके एकेक भरून काढलेला असायचा. लाथ मारायची तर पाय उचलल्याचं एक चित्र, अर्धा गेल्याचं दुसरं, पूर्ण ताणल्याचं तिसरं... शाळेत दोसुतीच्या कापडावर आपण उलट्या-सुलट्या टाक्यांनी मोर भरायचो, आठवतंय? एक टाका चुकला की चोच वाकडी. तेच काम. थ्री-डीत बाहुली एकदा बनवली की ती हवी तशी फिरवता येते, कष्ट वेगळे असतात. पण टेकन ३मधले चेहरे आज बघितले तर खडबडीत ठोकळे वाटतात, आणि १९९९चा ‘स्ट्रीट फायटर ३ : थर्ड स्ट्राइक’ अजून नवा वाटतो. नुसती पदराची सळसळ बघावी अशी कपड्यांची हालचाल त्यात काढली आहे.

बायकांचं काय, असं तुम्ही विचारणारच. स्ट्रीट फायटर २मध्ये निवडायला आठ जण, त्यात बाई एकच, चुन-ली. जोरदार लाथा. आणि एक गोष्ट मला फार उशिरा कळली. ज्या गेमचं संगीत माझ्या घरात दिवसभर वाजायचं, ते बहुतेक सगळं एका तरुण बाईनं केलेलं होतं, योको शिमोमुरा तिचं नाव. दुसरीकडे एसएनके कंपनीचा ‘किंग ऑफ फायटर्स ९७’. त्यात तिघांचा संघ घेऊन लढायचं, त्यात बायकांचाही एक संघ होता. त्यातल्या एकीचं नाव ‘माई’! पोरं दिवसभर ओरडायची, ‘माई घे, माई घे!’ सासूबाईंना वाटलं, कुणी वडीलधारी बाई आहे. एक दिवस कौतुकानं बघायला आल्या आणि माईंचे कपडे बघून पदर तोंडाला लावून परत गेल्या. त्या कपड्यांबाबत मी सासूबाईंच्याच बाजूची आहे. बायका लढतात छान, पण कापडाची एवढी टंचाई कशाला?

दुकानात मुली मात्र यायच्या नाहीत. दारात उभ्या राहायच्या, भावाला हाका मारायच्या, मान वाकडी करून पडद्याकडे बघायच्या. पोरांच्या घोळक्यात आत कशा येणार? मग मी एक केलं. दुकानाला मागून दार होतं, ते आमच्या स्वयंपाकघरात उघडायचं. सकाळच्या शाळेच्या मुलींना सांगितलं, दुपारी मागून या. शटर खाली, मशीन चालू, रुपया नाही. पाच-सहा जणी यायला लागल्या. प्लेस्टेशनही त्यांना दाखवलं. पण थोड्या वेळात सगळ्या परत खोक्यापाशी. कारण तिथं एक खेळत असली तरी पाच जणींना सगळं समजायचं. ‘अगं, मागं हो, मागं हो, आता उडतोय बघ तो!’

त्यांच्यातली एक सातवीतली पोर तर अशी खेळायची की मी तोंडात बोट घालावं. ती उगाच धावून जायचीच नाही. समोरच्याची लाथ जिथं संपते, त्याच्या बोटभर पलीकडे उभी राहायची. लाथ हुकली की हिची पडलीच. मी विचारलं, ‘कुठं शिकलीस गं?’ म्हणाली, ‘काकू, एसटीत चढताना असंच करावं लागतंय की.’ मला काय बोलावं कळेना.

महिना-दीड महिना झाला आणि तिचे वडील आले. आवाज चढवला नाही त्यांनी. म्हणाले, ‘वहिनी, पोरीच्या जातीला मारामारी कशाला शिकवता?’ मी म्हटलं, ‘भाऊ, इथं थांबायला शिकायलेत त्या. या, बघा एकदा.’ ते आत आले नाहीत. ती पोर परत आली नाही. बाकीच्या येत राहिल्या, पण तिच्यासारखी एकही नव्हती, आणि मला अजून त्याचा राग आहे.

पुढे लोडशेडिंगनं जीव मेटाकुटीला आणला. ऐन डावात लाइट गेली की भांडण. ‘चाची, मेरा रुपया?’ ‘काकू, मी जिंकायलो होतो ना!’ मग मोबाइल आले. २००९ साली दुकान बंद केलं. तिथं आता मोबाइल दुरुस्ती चालते.

सपाट मारामारी मात्र संपली नाही हो. २००४ साली अमेरिकेत ‘इव्हो’ नावाच्या स्पर्धेत दाइगो उमेहारा या जपानी खेळाडूनं काय केलं, ते माझ्या लेकीनं मला दाखवलं. थर्ड स्ट्राइकचा सामना. ह्याचा जीव सुईच्या टोकाएवढा उरलेला, समोर चुन-ली, तिच्या लाथांचा पंधरा फटक्यांचा झपाटा. थोपवला तरी मेला. त्या गेममध्ये एक युक्ती आहे. फटका बसायच्या नेमक्या क्षणी दांडी मागे ओढायची नाही, फटक्याच्या दिशेनं पुढे ढकलायची. मग काहीच लागत नाही. चुकलं की संपलं. ह्यानं पंधराच्या पंधरा तसेच झेलले आणि सामना जिंकला. सगळा हॉल उभा राहून ओरडत होता, आणि मी कळमनुरीत पलंगावर बसून ओरडले. गेम न खेळणाऱ्या माझ्या जावेलाही काय घडलं ते कळलं. बाजूनं दिसतं ना सगळं!

आता तर यंत्रं एवढी ताकदवान झाली, तरी ‘स्ट्रीट फायटर’वाल्यांनी मधला रस्ता काढला आहे. माणसं थ्री-डी, गोल-गुबगुबीत. पण उभी त्याच एका रेषेवर. २०२३ साली चीनच्या हांगझोऊमधल्या आशियाई स्पर्धेत ‘स्ट्रीट फायटर ५’ला चक्क पदक होतं. सुवर्णपदक घेतलं दक्षिण कोरियाच्या किम ग्वान-वू यांनी. वय चव्वेचाळीस! तेव्हा ‘या वयात काय?’ हा प्रश्न मला तरी विचारू नका. त्याच वर्षी ‘स्ट्रीट फायटर ६’ आला. त्यात नवख्यांसाठी सोपी बटनांची पद्धत आहे, दांडी फिरवण्याची कसरत नको. दिवाळीत लेकरं घरी आली की त्यांच्याकडे तेवढं मागा. फक्त एक काळजी घ्या, पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमशी याचा संबंध नाही. तसलं काही मोबाइलवर दिसलं तर लांबच राहा. २०२५च्या केंद्राच्या कायद्यानं ते बंदच केलं आहे.

लेक पुण्याला नोकरी करते. आली की आमचा सामना ठरलेला. ती चुन-ली, मी झँगिफ. हा रशियन पैलवान. त्याच्याकडे गोळा नाही, वेग नाही. इंचाइंचानं जवळ जायचं आणि एकदा पकडलं की उचलून आपटायचं. दहापैकी सात वेळा लेकच जिंकते.

मागच्या महिन्यात बस स्टँडवर ती सातवीतली पोर भेटली. आता तिला दोन लेकरं. पाया पडली आणि पहिला प्रश्न, ‘काकू, ते मशीन आहे का अजून?’ आहे. मागच्या खोलीत, वर हळदीची पोती ठेवलेली. कार्ड चालू आहे, पण पिक्चर ट्यूब गेली. ह्यांनी नवा एलईडी लावून बघितला, तर चित्र आलं, पण ठिपके दगडासारखे टोकदार दिसायला लागले. जुन्या ट्यूबवर ते एकमेकांत मिसळून गाल गोल दिसायचे. म्हणून हिंगोलीच्या एका भंगारवाल्याला सांगून ठेवलंय, एकवीस इंची जुना टीव्ही आला की फोडू नको, आधी फोन कर.