हृदयझडप बदलण्याच्या पद्धती आणि शरीराची दाहप्रतिक्रिया : चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांच्या संदर्भात

प्रस्तावना :
हृदयाच्या चार झडपा रक्ताचा प्रवाह एकाच दिशेने राखतात. निकामी झालेली झडप बदलताना शरीर दाहाने प्रतिसाद देते. या दाहाचे प्रमाण पद्धतीनुसार भिन्न असते. चंद्रपूर आणि १९८२ मध्ये त्यातून वेगळा झालेला गडचिरोली या वनबहुल जिल्ह्यांतील रुग्णांसाठी या भेदाचा अर्थ काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

रोगाचे मूळ :
भारतात तरुण वयातील झडपरोगाचे प्रमुख कारण संधिज्वर हे आहे. स्ट्रेप्टोकोकस जंतूमुळे बालकाचा घसा दुखतो. जंतूविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे साधर्म्यामुळे स्वतःच्याच झडपेवर आघात करतात. म्हणजेच झडप मुळात दाहानेच नष्ट होते.

खुली शस्त्रक्रिया :
या पद्धतीत हृदय थांबवून रक्त हृद्-फुप्फुस यंत्रातून फिरविले जाते. नळ्यांच्या कृत्रिम पृष्ठभागाशी संपर्क येताच रक्तातील पूरक प्रथिने जागृत होतात आणि पांढऱ्या पेशी उत्तेजित होतात. इंटरल्यूकिन-६ काही तासांतच वाढते. सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उच्चांक गाठते. बहुतेकांत हा दाह ओसरतो. काहींत मात्र फुप्फुस व मूत्रपिंडांवर ताण येतो. लहान छेदाच्या शस्त्रक्रियेत जखम लहान असली तरी यंत्र टळत नाही.

कॅथेटर पद्धती :
२००२ मध्ये फ्रान्समध्ये ॲलन क्रिबिए यांनी मांडीच्या रक्तवाहिनीतून महारोहिणी झडप प्रथमच बसविली. यात हृद्-फुप्फुस यंत्र सहसा लागत नाही. त्यामुळे दाह सरासरीने कमी असतो, पण शून्य नसतो. तथापि ही पद्धत मुख्यतः कॅल्शियम साचलेल्या वृद्धांच्या झडपेसाठी विकसित झाली. संधिज्वरात बहुधा द्विदली झडप बिघडते आणि रुग्ण तरुण असतो. म्हणून सर्वांत कमी दाहाची पद्धत येथील अनेक रुग्णांना लागूच पडत नाही. झडप केवळ अरुंद झाली असल्यास फुग्याने ती रुंद करणे हा यंत्राविना होणारा उपाय काहींना उपयोगी पडतो.

झडपेचा प्रकार :
प्राणिज ऊतींच्या झडपेविरुद्ध मंद प्रतिकारप्रतिक्रिया वर्षानुवर्षे चालू राहते. तरुणांत ती झडप लवकर कठीण होते. धातू व कार्बनची यांत्रिक झडप टिकते. तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेने विकसित केलेली यांत्रिक झडप १९९० मध्ये प्रथम बसविण्यात आली. परंतु यांत्रिक झडपेवर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून आजन्म वॉरफेरिन घ्यावे लागते, त्याची मात्रा रक्ततपासणीने वारंवार ठरवावी लागते आणि गर्भवतीच्या गर्भास या औषधाचा धोका संभवतो.

स्थानिक संदर्भ :
या दोन्ही जिल्ह्यांत सिकलसेलचे जनुक आढळते. शस्त्रक्रियेतील थंडावा, प्राणवायूची कमतरता व आम्लता यांमुळे अशा रुग्णाच्या तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन रक्तवाहिन्या अडवू शकतात, आणि दाहामुळे ही प्रक्रिया बळावते. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी सिकलसेल तपासणी आवश्यक ठरते. दुसरा प्रश्न अंतराचा आहे. भामरागडसारख्या तालुक्याचा संपर्क पर्लकोटेच्या पुरामुळे पावसाळ्यात वारंवार तुटत आला आहे. २०१२ मध्ये जीवनदायी आरोग्य योजनेच्या पहिल्या टप्प्यात गडचिरोलीचा समावेश झाल्याने शस्त्रक्रियेच्या खर्चाचा भार हलका झाला. परंतु त्यानंतरची रक्ततपासणी गावाजवळ मिळाली नाही, तर यशस्वी शस्त्रक्रियाही व्यर्थ जाऊ शकते.

समारोप :
शस्त्रक्रियेनंतरचा दाह काही दिवसांचा असतो. झडप निवडीचे परिणाम आयुष्यभराचे असतात. यास्तव केवळ दाहाच्या मोजमापावरून पद्धतीची श्रेष्ठता ठरविता येत नाही. रुग्णाचे वय, मातृत्वाची शक्यता, सिकलसेल आणि तपासणी केंद्राचे अंतर यांचा एकत्रित विचार व्हावयास हवा. सर्वांत मोठा लाभ मात्र पहिला दाह रोखण्यात आहे. जंतुजन्य घसादुखीवर वेळीच पेनिसिलिन देणे आणि संधिज्वर होऊन गेलेल्या मुलास दर तीन-चार आठवड्यांनी बेंझाथिन पेनिसिलिनचे इंजेक्शन देणे ही कामे प्राथमिक आरोग्य केंद्रातही होऊ शकतात. आश्रमशाळेतील घसादुखी आणि सांधेदुखीकडे शिक्षकांनी दुर्लक्ष न करणे, हाच या उपचाराचा आरंभ होय.