नाव कोरणाऱ्यांचा बंदोबस्त

रायपूरच्या शंकर नगरात, किंवा त्याहून जुन्या तात्यापाऱ्यात, घर करून राहिलेल्या मराठी कुटुंबाकडे नागपूर-पुण्याचे पाहुणे उतरले, म्हणजे पहिल्या संध्याकाळी त्यांना तेलीबांध्याच्या तलावाकाठी फिरवून आणायचे आणि सुटीच्या दिवशी मोटार काढून नवा रायपुरातील उपरवारा गावालगतच्या पुरखौती मुक्तांगणात न्यायचे, हा आता एक ठरलेला शिरस्ता होऊन बसला आहे. सुमारे दोनशे एकरांवर पसरलेल्या आणि २००६ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते उद्घाटन झालेल्या या उद्यानात छत्तीसगडचे आदिवासी जीवन, त्यांची नृत्ये, त्यांची घरे, बस्तरची दंतेश्वरी, कवर्ध्याकडचे भोरमदेवाचे मंदिर असा सारा मुलूख मूर्ती आणि प्रतिकृती यांच्या रूपाने एका आवारात उभा केला आहे. आणि ज्याला कोंडागाव-दंतेवाड्यापर्यंतचा प्रवास झेपत नाही, त्या वृद्ध पाहुण्याला अर्ध्या दिवसात प्रांताची तोंडओळख होते. अशा उद्यानांना आपण आता सरसकट थीम पार्क म्हणू लागलो आहोत. मग ते खोपोलीजवळ २०१३ मध्ये उघडलेले इमॅजिका असो, की सरकारी खात्याने संस्कृतिदर्शनासाठी उभारलेले एखादे मुक्तांगण असो, त्या सर्वांच्या कारभाऱ्यांना एक व्याधी सारखीच ग्रासते: येणाऱ्या पाहुण्यांपैकी काहींना तेथे आपले नाव ठेवून गेल्यावाचून चैन पडत नाही.

या व्याधीचे मूळ शोधताना मला नेहमी असे वाटते, की प्रतिकृतींच्या उद्यानाला खऱ्या देवळापेक्षा एक अधिक अडचण जन्मतःच चिकटलेली असते. मूळ भोरमदेवाच्या गाभाऱ्यात जो गृहस्थ पादत्राणे बाहेर काढून आणि हात जोडून शिरतो, तोच गृहस्थ एखाद्या प्रतिकृतीसमोर उभा राहिला, की ती दगडाची आहे की सिमेंटची हे बोटाने टिचकी मारून पाहतो. पोकळ आवाज आला, की त्याच्या मनातील आदर तत्काळ ओसरतो. आणि त्याच्या बरोबरच्या मुलाने खिशातील किल्ली काढून त्या भिंतीवर बदामात दोन आद्याक्षरे कोरली, तर ते त्याला अपराधापेक्षा पोरकटपणाच अधिक वाटते. खोट्याला इजा होत नाही, असा काहीसा हा समज आहे. तो चुकीचा आहे, कारण ज्या कारागिराने ती आकृती घडवली त्याचे श्रम खोटे नसतात आणि ती दुरुस्त करण्यासाठी खजिन्यातून निघणारा पैसाही खोटा नसतो.

अर्थात खऱ्या वास्तूंच्या वाट्याला तरी फारसे वेगळे काय आले आहे? २८ एप्रिल १८१९ रोजी मद्रासच्या घोडदळातील जॉन स्मिथ हा अधिकारी शिकारीच्या नादात वाघूर नदीच्या खोऱ्यात उतरला, अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात शिरला आणि विस्मृतीत गेलेल्या त्या चित्रवैभवाचा शोध लावल्याचे श्रेय ज्या क्षणी मिळवता झाला, त्याच सुमारास त्याने आपले नाव आणि तारीख तेथील एका चित्रित खांबावर खरडून ठेवली. लेण्यात तेव्हा पुरुषभर मातीचा आणि दगडांचा थर साचलेला असल्यामुळे ती अक्षरे आज डोळ्यांच्या पातळीच्या बरीच वर दिसतात. म्हणजे अजिंठ्याचा आधुनिक काळातील ज्ञात शोधक हाच अजिंठ्याचा आधुनिक काळातील ज्ञात विद्रूपकही ठरला. २०२३ च्या जून महिन्यात रोमच्या कलोसियममध्ये एका तरुणाने किल्लीने आपले आणि आपल्या प्रेयसीचे नाव कोरले आणि पुढे प्रकरण अंगाशी आल्यावर क्षमापत्रात असे लिहिले, की ही वास्तू इतकी प्राचीन असल्याची आपणास कल्पना नव्हती. त्या पत्राने युरोपातील वर्तमानपत्रांची बरीच करमणूक केली.

आणि खुद्द छत्तीसगडात पाहावे, तर सरगुजा जिल्ह्यातील रामगढच्या डोंगरात सीताबेंगा या गुंफेशेजारी जोगीमारा नावाची जी दुसरी गुंफा आहे, तिच्या भिंतीवर इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या-दुसऱ्या शतकातील मानला जाणारा एक ब्राह्मी लेख आहे. सुतनुका नावाच्या देवदासीवर वाराणसीच्या देवदिन्न नावाच्या रूपदक्षाचे, म्हणजे शिल्पी वा चित्रकाराचे, प्रेम होते, एवढाच त्याचा आशय बहुतेक विद्वान सांगतात. नाव कोरण्याच्या हौसेचे समर्थन करणारा कोणी वाक्पटू तरुण भेटला, की तो हमखास या देवदिन्नाला साक्षीदार म्हणून उभा करतो: आज तुम्ही ज्याला नासधूस म्हणता, त्याला दोन हजार वर्षांनी शिलालेख म्हणतील! युक्तिवाद चमकदार आहे. परंतु देवदिन्नाच्या काळी त्या डोंगरात रविवारच्या रविवारी मोटारी भरून लोक येत नव्हते, हे तो विसरतो. एका गुंफेत एका रूपदक्षाने लिहिलेली ओळ दस्तऐवज ठरते. एकाच भिंतीवर एका मोसमात उमटलेली शेकडो नावे एकमेकांनाच पुसून टाकतात आणि त्यांतून पुढच्या पिढीच्या हाती गिचमिडीखेरीज काही लागत नाही.

या नासधुशीचे प्रकार वेगवेगळे असतात आणि त्यांची कारणेही एक नसतात. रंगाची फवारणी करून मोठमोठी चित्राक्षरे काढण्याचा पाश्चात्त्य शहरांतील प्रकार आपल्या उद्यानांत त्या मानाने विरळा. आपल्याकडची हत्यारे म्हणजे किल्ली, खिळा, विटेचा तुकडा, काळ्या शाईचे मार्कर आणि शाळकरी मुलांच्या दप्तरातील व्हाइटनर. मूर्तीचे बोट मोडणे, दिवा फोडणे, बाकाची फळी उचकटणे हा प्रकार अधिक दांडगाईचा. पण त्यातही शत्रुत्व क्वचितच असते, बहुधा चारचौघांत आपली मर्दुमकी सिद्ध करण्याची खुमखुमी असते. उद्यानाच्या नकाशावर या खुणांची नोंद करीत गेल्यास त्या कोठेही विखुरलेल्या आढळत नाहीत. पाळण्याच्या रांगेतील कठडे, स्वच्छतागृहांच्या दारांचे आतले अंग, मूर्तीच्या चौथऱ्याची मागची बाजू, झाडीआड गेलेली कुंपणभिंत, अशा ठराविक जागीच त्यांची दाटी होते. रांगेचे उदाहरण विशेष बोधप्रद आहे. तीन मिनिटांच्या गमतीसाठी पाऊण तास ताटकळत उभे केलेल्या पोराच्या हाताला समोर गुळगुळीत रंगवलेली लोखंडी नळी आणि खिशात किल्ली एवढेच साहित्य उपलब्ध करून दिल्यावर त्याने काय करावे अशी व्यवस्थापनाची अपेक्षा असते, हे मला आजवर उमगलेले नाही. रांग वळणावळणाने सरकती ठेवणे, तिच्या कडेला पाहण्यासारखे किंवा हाताळण्यासारखे काही ठेवणे, कठड्यांना गुळगुळीत रंगाऐवजी खडबडीत पृष्ठभाग देणे आणि मागची कुंपणभिंत मधुमालती वा तत्सम वेलीने झाकून टाकणे, हे उपाय पहारेकऱ्याच्या शिट्टीपेक्षा स्वस्त पडतात आणि कोणाचा अपमानही करीत नाहीत.

एवढे करूनही खूण उमटतेच. मग ती काढायची कशी, हा खरा कसबाचा भाग. आणि दुर्दैवाने याच भागाकडे आपल्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. डाग दिसला की थिनर आणि चिंधी घेऊन माणूस धाडणे ही सार्वत्रिक रीत आहे. थिनर लोखंडावरची शाई काढील, पण त्याच चिंधीने अ‍ॅक्रिलिकचा पारदर्शक पत्रा पुसला, तर तो धुरकट होतो आणि त्याला बारीक तडे जातात. फायबरच्या मूर्तींना वरून एक तुळतुळीत रंगीत थर असतो. किल्लीचा ओरखडा त्या थरातून आरपार गेला, की आतल्या काचतंतूंत पावसाचे पाणी शिरते, म्हणून तेथे नुसता रंग फासून भागत नाही, तर आधी चीर भरून घासून मग रंग द्यावा लागतो. वालुकाश्मासारख्या सच्छिद्र दगडात शाई खोल मुरते. तिच्यावर दाबाने पाण्याचा फवारा मारला, तर शाई आत ढकलली जाते, दगडाचे कण मात्र बाहेर निघतात, आणि पुसलेल्या नावाची फिकट सावली वर्षानुवर्षे तशीच राहते. जाणकार त्या ठिकाणी द्रावक मिसळलेल्या मातीचा लेप देतात. लेप सुकताना शाई स्वतःकडे ओढून घेतो, आणि हे काम धीराने दोन-तीनदा करावे लागते. भिंतींना आधीच संरक्षक लेप देण्याचीही सोय आहे. मेणासारखा एक लेप गरम पाण्याने डागासकट धुऊन निघतो व पुन्हा चढवावा लागतो, तर पॉलियुरेथेनचा लेप टिकाऊ असतो आणि त्यावरचा डाग द्रावकाने पुसता येतो; परंतु हा दुसरा लेप जुन्या दगडावर चढवणे धोक्याचे, कारण आतली ओल बाहेर पडण्याची वाटच बंद होते.

आणि झाडांचे काय? घायपाताच्या मांसल पानावर किंवा बांबूच्या हिरव्या कांडावर कोरलेले नाव ते पान वा कांड जिवंत असेतो राहते, त्यावर जगात इलाज नाही. वृक्षाच्या सालीखाली त्याच्या वाढीचा आणि अन्नवहनाचा पातळ थर असतो. तेथवर पोचलेली जखम कीड आणि बुरशी यांना उघडे दार होते. प्रेमिकांच्या नावांनी वेढलेली झाडे बागेच्या माळ्याला जी चीड आणतात, ती मला सर्वस्वी न्याय्य वाटते.

तरीही या सर्व कसबाहून अधिक महत्त्वाची गोष्ट आहे ती त्वरा. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेचे डबे १९७० नंतरच्या दशकात आतून-बाहेरून रंगाच्या अक्षरांनी इतके माखले होते, की खिडकीबाहेरचे स्थानकही दिसेनासे झाले होते. पोलीस, कुत्री, काटेरी तारा यांचे प्रयोग झाले. अखेर १९८४ मध्ये तेथील कारभाऱ्यांनी वेगळाच दंडक घातला: एकदा स्वच्छ केलेला डबा पुन्हा रंगला, तर तो धुतल्याखेरीज प्रवाशांपुढे न्यायचा नाही, मग फेरी रद्द झाली तरी चालेल. रात्रभर जागून काढलेले आपले अक्षरचित्र सकाळी गावाला दिसतच नाही, हे कळल्यावर रंगवणाऱ्यांचा उत्साह मावळत गेला, आणि १२ मे १९८९ रोजी अखेरचा रंगवलेला डबा सेवेतून काढण्यात आला. जे लिहिले जाते ते दिसावे म्हणून. पाहणारा काढून घेतला, की लिहिणाऱ्याचा मोबदलाच जप्त होतो.

एका खुणेमुळे दुसरी ओढवते हेही आता केवळ अनुमान राहिलेले नाही. नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन येथील संशोधकांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एका गल्लीत उभ्या केलेल्या सायकलींच्या मुठींना जाहिरातीचे कागद अडकवले होते. गल्लीची भिंत स्वच्छ असताना शेकडा ३३ जणांनी कागद जमिनीवर टाकला. त्याच भिंतीवर गिचमिड केलेली असताना तो आकडा ६९ वर गेला. ज्यांनी कागद टाकला ते काही भिंत रंगवणारे गुंड नव्हते, सायकल घ्यायला आलेली साधी माणसे होती. एका खुणेमुळे दुसरी ओढवते या विचाराचा आधार घेऊन अमेरिकेत पोलिसांनी गरीब वस्त्यांतील माणसांना क्षुल्लक कारणांवरून छळले, हा त्या सिद्धान्ताचा काळा इतिहासही ध्यानात ठेवला पाहिजे. मला त्यातून घ्यायचा आहे तो रंगाचा डबा, दंडुका नव्हे.

दंडुक्याची तरतूद कायद्यात भरपूर आहे. छत्तीसगडातही लागू असलेला १९९४ चा संपत्ती विरूपण निवारण अधिनियम एक हजार रुपयांपर्यंत दंड सांगतो. महाराष्ट्राचा तत्सम कायदा १९९५ चा. भारतीय न्याय संहितेच्या ३२४ व्या कलमात सरकारी वा स्थानिक संस्थेच्या मालमत्तेला नुकसान पोचवणाऱ्या आगळिकीला एक वर्षापर्यंत कैद आहे, आणि संरक्षित स्मारकाला इजा केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पण सोळा वर्षांच्या मुलाने चौथऱ्यावर व्हाइटनरने नाव लिहिले, म्हणून पंचनामा, जाबजबाब आणि न्यायालयाच्या तारखा यांचे चक्र फिरवण्यास कोणता ठाणेदार राजी होईल? म्हणून फलकावर तांबड्या अक्षरांत कलमे लिहिली जातात आणि दुसऱ्या मोसमात त्या फलकावरच कोणीतरी आपले नाव लिहून जातो. मुलाच्या हाती तेथल्या तेथे ओली चिंधी देऊन, पालकांच्या देखत, ते नाव पुसून घेणे हे मला कैदेपेक्षा परिणामकारक वाटते. मात्र ते अंमलदाराने शांतपणे करून घ्यावे, तमाशा करू नये.

खूण त्वरेने पुसण्याच्या बाबतीत खासगी उद्यानांना एक सोय असते, की गवंडी, रंगारी आणि झाडूवाला एकाच मालकाच्या हजेरीपटावर असतात. १९५५ मध्ये अमेरिकेत डिस्नेलँड उघडले तेव्हापासून रात्री दारे मिटल्यावर रस्ते धुणे आणि खरचटलेला रंग पुन्हा भरणे हा तेथला नित्याचा परिपाठ आहे. सकाळच्या पाहुण्याला कालच्या पाहुण्याची खूण दिसता कामा नये. सरकारी उद्यानात रंगाचा एक डबा हवा असला, तरी मागणीपत्र, मंजुरी आणि निविदा यांतून जावे लागते, आणि डबा येईपर्यंत त्या एका नावाभोवती चाळीस नावे जमलेली असतात. उभारणीला कोटींची रक्कम आणि देखभालीला किरकोळ खर्चाचे शीर्षक, ही आपल्या सार्वजनिक बांधकामांची जुनी खोड आहे.

लिहिण्याची हौस सर्वस्वी दडपावी असेही मी म्हणणार नाही. ज्या सरगुजात जोगीमारा आहे, त्याच सरगुजात सोनाबाई रजवार यांनी आपल्या घराच्या भिंतींवर मातीच्या जाळ्या, पक्षी आणि माणसे घडवून भिंत सजवण्याची कला कोठवर जाऊ शकते हे दाखवून दिले. एखाद्या मुक्तांगणाने आवारातील एक लांब भिंत चुना-गेरू देऊन पाहुण्यांसाठी मोकळी ठेवली, रजवार घराण्यांतील कारागिरांना सुटीच्या दिवशी तेथे मानधनावर बसवले आणि मुलांना त्यांच्या शेजारी हात चालवू दिला, तर किल्ल्या खिशातच राहतील अशी हमी नाही, पण थोड्या तरी राहतील. ती भिंत दर महिन्याला पुन्हा पांढरी करावी लागेल, आणि त्यासाठी चुन्याची पोती आधीच आणून ठेवावी लागतील. तसाच प्रत्येक मूर्तीला लावलेल्या मूळ रंगाचा एकेक डबा, त्यावर मूर्तीचा क्रमांक आणि छटेची नोंद करून, उद्यानाच्या कोठीत राखून ठेवावा. नाहीतर ओरखडा झाकायला आणलेला निराळा तपकिरी रंग ओरखड्याहून अधिक उठून दिसतो.