तीन चाकांवरचा संसार

कोपनहेगनच्या रस्त्यावर सकाळी आठच्या सुमाराला एक वेगळीच सायकल हमखास दिसते. पुढे दोन चाके, त्यांच्यामध्ये लाकडी पेटी, मागे एक चाक आणि पेडल मारणारी आई किंवा वडील. पेटीतल्या फळीवर पट्टा बांधून बसलेली दोन मुले. मुलांना पाळणाघरात सोडायचे, कामावर जायचे. संध्याकाळी त्यांना घेऊन बाजारात थांबायचे आणि दूध, पाव, बटाटे त्यांच्या पायाशी ठेवून घरी परतायचे. पाऊस आलाच तर पेटीवर कापडी छप्पर चढते. या शहरात दोन किंवा अधिक मुले असलेल्या साधारण पाव कुटुंबांकडे अशी सायकल आहे.

पेटीची सायकल मुळात कष्टकऱ्यांची. हॉलंड-डेन्मार्कमध्ये पाववाले, दूधवाले तिच्यावरून माल पोचवीत. मोटारी आल्या आणि ती अडगळीत गेली. तिला नवा जन्म मिळाला तो कोपनहेगनमधल्या ख्रिश्चानिया या वसाहतीत. १९७१ साली रिकाम्या लष्करी बराकींचा ताबा घेऊन वसलेल्या या वस्तीत मोटारींना मज्जाव होता. मग सामान आणि मुले न्यायची कशी? १९८४ साली लार्स एंगस्ट्रॉम यांनी आपल्या सहचारिणीसाठी पेटीची तीनचाकी तयार केली. शेजाऱ्यांनाही ती हवीशी वाटली आणि त्यातून एक व्यवसाय उभा राहिला. या पेटीत सुमारे १०० किलो वजन मावते.

चालवायला ती फार अवघड नाही. थांबल्यावर पाय टेकावा लागत नाही, की तोल जात नाही. वळणावर मात्र वेग कमी करावाच लागतो, नाहीतर आतले चाक उचलले जाते. आता अनेक सायकलींना बॅटरीची जोड मिळाल्याने चढही सोपे झाले आहेत.

पण मुलांना आपल्या पुढ्यात बसवून चौकात शिरण्याचे धैर्य या पालकांना कोठून येते? उत्तर सायकलीपेक्षा रस्त्यात अधिक आहे. हॉलंडमध्ये १९७१ या एका वर्षात रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसे मेली. त्यांत ४०० हून अधिक मुले होती. पालक रस्त्यावर उतरले. 'बालहत्या थांबवा' हेच त्यांच्या चळवळीचे नाव होते. १९७३ च्या तेलटंचाईत रविवारी मोटारी बंद राहिल्या आणि मोकळा रस्ता कसा असतो, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले. पुढे स्वतंत्र सायकलमार्ग आखले गेले, वस्त्यांमधला वेग उतरवला गेला. कोपनहेगनमध्येही सायकलमार्ग मोटारींच्या रस्त्यापासून दगडी कठड्याने वेगळा केलेला असतो.

आपल्याला हे सारे परके वाटायचे कारण नाही. पुण्याला एकेकाळी सायकलींचे शहर म्हणत. दांडीवरच्या चिमुकल्या सीटवर मूल, हँडलला भाजीची पिशवी आणि कॅरिअरवर दळणाचा डबा, असा संसार मध्यमवर्गाने दोन चाकांवर वर्षानुवर्षे ओढला. आज तेच मूल स्कूटरवर पुढे उभे असते आणि आईबाप ट्रकच्या बाजूने वाट काढत असतात.

पेटी आपल्याकडचा सुतारही करून देईल. तिच्यात मुलाला निर्धास्तपणे बसवता येईल असा रस्ता मात्र मागावा लागतो. तिकडच्या आईबापांनी तो मागितला, आणि मिळेपर्यंत मागत राहिले. आपण तो कधी मागणार?