उगवणारे बियाणेही नष्ट का करतात?

हंगाम संपला की न खपलेल्या बियाण्याच्या पिशव्या विक्रेत्यांकडून कंपनीकडे परत जातात. त्यांपैकी काही बियाणे उगवणारे असूनही नष्ट केले जाते. ते स्वस्तात का विकत नाहीत, असे शेतकरी बांधव विचारतात.

प्रमाणित बियाण्याची वैधता तपासणीच्या तारखेपासून ९ महिने असते. फेरतपासणीत बियाणे प्रमाणकात बसल्यास ती ६ महिन्यांनी वाढवता येते. सोयाबीनसाठी किमान ७० टक्के उगवणशक्ती लागते. ६५ टक्के उगवण असलेले बियाणे मेलेले नसते. मात्र ते प्रमाणित बियाणे म्हणून विकता येत नाही. बीजप्रक्रिया झाली नसल्यास ते धान्य म्हणून तरी जाते. बुरशीनाशक चोळलेले बियाणे मात्र खाण्यास, पशुखाद्यास किंवा तेलासाठी चालत नाही. धुतल्याने विष पूर्ण निघत नाही.

असे बियाणे स्वस्तात बाहेर गेले, तर नव्या पिशवीत भरून पुन्हा बाजारात येण्याचा धोका असतो. त्यात कंपनीचे नाव जाते आणि शेतकऱ्याचा हंगाम जातो. म्हणून कंपनी नुकसान सोसून ते नष्ट करते.

यासाठी सुटे, स्वस्त व रंग लावलेले बियाणे घेऊ नये. पिशवीवरील लॉट क्रमांक व मुदत पाहावी. पावती, टॅग व थोडे बियाणे पीक निघेपर्यंत जपावे. पेरणीपूर्वी १०० दाणे ओल्या गोणपाटात ठेवून उगवण मोजावी. उरलेले प्रक्रिया केलेले बियाणे कोंबड्यांना किंवा जनावरांना कदापि घालू नये.