टॉम वीर : हिमालय पाहून टेकडीवर रमलेला गिर्यारोहक

गिर्यारोहक म्हटला कीं तो किती फूट चढला, हा प्रश्न आपल्या तोंडीं आधीं येतो. शिखर जितकें उंच तितका मनुष्य थोर, असा आपला सोपा हिशेब असतो. आज ज्या गृहस्थांची ओळख आम्ही वाचकांस करून देणार आहों, त्यांनीं हिमालयांतील वीस हजार फुटांच्या शिखरांशीं झुंज घेतली होती. तरी उतारवयांत त्यांची नित्याची फेरी असे ती गांवालगतच्या अवघ्या १४२ मीटर उंचीच्या टेकडीवर. आणि देशबांधवांच्या मनांत त्यांनीं जें स्थान मिळविलें, तें हिमालयामुळें थोडें आणि अशा लहान टेकड्यांमुळें फार. त्यांचें नांव टॉम वीर. हें स्कॉटिश आडनांव आपल्या कानांस मराठी 'वीर' शब्दासारखेंच ऐकूं येतें. हा निव्वळ योगायोग. पण तो त्यांना शोभतो खरा.

ग्लासगो शहराच्या स्प्रिंगबर्न भागांत २९ डिसेंबर १९१४ रोजीं त्यांचा जन्म झाला. ही वस्ती आगगाडीचीं इंजिनें बांधणाऱ्या कारखान्यांवर जगणारी. येथें घडलेलीं कित्येक इंजिनें आगबोटीनें हिंदुस्थानांत आलीं आणि आपल्या पणजोबांच्या काळच्या गाड्या त्यांनीं ओढल्या. टॉम अगदीं लहान असतांनाच वडील पहिल्या महायुद्धांत मारले गेले. आईनें रेल्वेच्या कारखान्यांत काम धरलें आणि मुलें सांभाळण्याचा भार आजीनें उचलला. थोरली बहीण मॉली पुढें नामांकित नटी झाली. त्या बालपणाच्या आठवणी तिनें १९७० सालीं 'शूज वेअर फॉर संडे' या पुस्तकांत लिहिल्या. बूट घालावयाचे ते रविवारीं, एवढ्या नांवावरूनच त्या घरची ओढाताण वाचकांच्या ध्यानीं येईल.

अशा घरांतील मुलाला शाळा लौकर सुटून पोटापाण्याचा धंदा लागतो. टॉम किराणा दुकानांत कामास लागले. परंतु स्प्रिंगबर्नच्या धुराड्यांपलीकडे, शहराच्या उत्तरेस, कॅम्पसी नांवाच्या डोंगरांची रांग दिसते. तेथवर जावयास श्रीमंती लागत नाहीं. पाय धड असले आणि आठवड्यांत थोडी मोकळीक मिळाली म्हणजे झालें. त्या डोंगरांनीं या मुलाला जी ओढ लावली ती जन्मभर सुटली नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत त्यांनीं तोफखान्यांत चाकरी केली; पुढें सरकारी भूमापन खात्यांत मोजणीचें काम केलें. १९४८ सालीं 'हायलंड डेज' हें त्यांचें पहिलें पुस्तक निघालें. मग बांधलेल्या पगाराची नोकरी सोडून लेखणी आणि छायाचित्रें यांवर निर्वाह करावयाचा, असें त्यांनीं ठरविलें. विधवा मातेच्या कष्टांवर वाढलेल्या मुलाच्या दृष्टीनें हा निर्णय कांहीं लहान नव्हे. वीस हजार फुटांवरील बर्फापेक्षां महिन्याअखेरची रिकामी थैली मनुष्याला अधिक भिवविते, हें आपल्यांतील कोणाही कुटुंबवत्सल गृहस्थाला सांगावयास नको.

१९५० सालीं वीर हिंदुस्थानांत आले. डब्ल्यू. एच. मरे, डग्लस स्कॉट आणि टॉम मॅकिनन हे त्यांचे सोबती. त्या काळच्या बड्या मोहिमा लष्करी स्वारीच्या थाटांत निघत. येथें मात्र चारच स्कॉटिश मित्र, थोडकें सामान आणि पाठीवर ओझीं वाहणारे डोट्याल हमाल. राणीखेतहून निघून त्यांनीं गढवाल आणि कुमाऊंच्या डोंगरांतून लांबचा प्रवास केला आणि सुमारे २०,३५० फूट उंचीचें उजा तिरचे हें शिखर या मोहिमेनें सर केलें. दोन वर्षांनीं, १९५२ सालीं, परकीयांस नुकतेंच खुलें होऊं लागलेल्या नेपाळांत वीर गेले. काठमांडूच्या पूर्वेकडील रोलवालिंगचा मुलूख त्यांनीं हिंडून पाहिला आणि 'ईस्ट ऑफ काठमांडू' हें पुस्तक लिहिलें. पुढें नॉर्वे, ग्रीनलंड, कुर्दिस्तान असे नाना देशांचे डोंगर त्यांनीं पायांखालीं घातले.

एवढें करून झाल्यावर एखादा गृहस्थ उरलेलें आयुष्य जुन्या पराक्रमाच्या गोष्टी सांगण्यांत घालविता, तरी त्यास कोणी नांवें ठेविलीं नसतीं. वीर यांची खरी लोकप्रियता मात्र येथून पुढें सुरू होते. 'स्कॉट्स मॅगझीन' या मासिकांत 'माय मंथ' हें सदर त्यांनीं जवळजवळ पन्नास वर्षें चालविलें. १९७६ सालीं, वयाच्या एकसष्टाव्या वर्षीं, स्कॉटिश दूरचित्रवाणीवर त्यांचा 'वीर्स वे' हा कार्यक्रम सुरू झाला आणि तो १९८७ पर्यंत चालला. ठेंगणी मूर्ति, डोक्याला लोंकरीची टोपी आणि बोलण्यांत स्प्रिंगबर्नची मोकळी धाटणी. कड्याला लोंबकळून प्रेक्षकांचा श्वास रोखून धरण्याचा खटाटोप त्यांत नसे. वीर वाट चालत जात, वाटेंत भेटणाऱ्या गांवकऱ्यांशीं बोलत, पाखरांची ओळख सांगत, पडक्या भिंतींमागचा इतिहास उलगडीत. ज्यांच्या आठवणी कोणत्याही ग्रंथांत आल्या नसत्या, अशा साध्या माणसांच्या तोंडची हकीकत त्यामुळें जतन झाली. १९७८ सालीं स्कॉटलंडमधील वर्षाचे दूरचित्रवाणी-कलावंत म्हणून त्यांचा गौरव झाला. १९९० नंतरच्या दशकांत हाच कार्यक्रम रात्रीं उशिरां पुन्हा दाखविला जाऊं लागला, तेव्हां नातवंडांच्या वयाचे तरुणही त्यांचे चाहते झाले.

दूरचित्रवाणी माणसाला खुर्चीशीं खिळवून टाकते, अशी तक्रार घरोघरच्या वडीलधाऱ्यांकडून आम्ही नेहमीं ऐकतों. ती खोटीही नाहीं. परंतु त्याच यंत्रापुढें बसलेल्या माणसाला उठून बाहेर पडावेंसें वाटेल, असें बोलणारा मनुष्य तेथें उभा राहूं शकतो, हें वीर यांनीं दाखवून दिलें. ज्यांना उठणें शक्यच नव्हतें, अशा वृद्धांना आणि आजाऱ्यांना त्यांनीं डोंगर घरीं आणून दिले. मात्र पाहण्यापाशींच ते थांबले नाहींत. रानांच्या आणि डोंगरांच्या रक्षणासाठींही ते झटले. त्याबद्दल जॉन म्यूर ट्रस्ट या संस्थेनें २००० सालीं आपला पहिला जीवनगौरव पुरस्कार त्यांना दिला.

लोमंड सरोवराच्या कांठाजवळ गार्टोकार्न या गांवीं पत्नी ऱ्होना यांच्यासह त्यांनीं संसार केला. आरंभीं सांगितलेली ती टेकडी येथेंच आहे. तिचें नांव डंक्राइन. तिच्या माथ्यावरून सरोवर, त्यांतील बेटें आणि पलीकडचे डोंगर दिसतात. लहान टेकड्यांत इतका सुंदर देखावा दुसरीकडे नाहीं, असें त्यांचें मत होतें. तोच देखावा त्यांनीं वर्षानुवर्षें पाहिला आणि दर वेळीं त्यांत त्यांना कांहीं नवें आढळलें. ६ जुलै २००६ रोजीं, वयाच्या ९१ व्या वर्षीं, त्यांनीं इहलोक सोडला. त्यांच्या जन्मशताब्दीच्या दिवशीं, २९ डिसेंबर २०१४ रोजीं, त्याच सरोवराकांठीं बाल्माहा येथें त्यांचा ब्राँझचा पुतळा उभारण्यांत आला. डोक्यावर तीच टोपी आहे.

हिमालयाची वाट थोड्यांच्याच नशिबीं असते. घराजवळची टेकडी बहुतेकांच्या वांट्यास येते, आणि म्हणूनच ती आपण पाहत नाहीं. घरांतील मुलें येत्या सुटींत दूरच्या उंच डोंगरांचा हट्ट धरतील, तेव्हां वडील मंडळींनीं त्यांना नाहीं म्हणूं नये; परंतु त्याआधीं एखाद्या सकाळीं जवळच्या टेकडीवर त्यांच्यासंगें जावें, आणि तेथून काय काय दिसतें तें त्यांनाच विचारावें, एवढीच आमची विनंति आहे.